ढोबळीचा ठेचा

डॉक्टरांनी माझ्या पोटात नळी घालून आतलं सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, "तिखट फार खाता का?"

मी म्हणालो, "छे हो! जेवणाबरोबर तेवढं. आणि न्याहरीला जरा ठेचा. संध्याकाळी भेळ असली तर तिच्याबरोबर चार मिरच्या. बाकी तिखट असं काही नाही."

शेजारी बसलेल्या बायकोनं खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टरांनी कागदावर बरंच काही खरडलं आणि निकाल दिला: दोन महिने तिखट मिरची बंद. हिरवी नाही, लाल नाही, भाजलेली नाही, तळलेली नाही. मग माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. "ढोबळी मिरची खा की," ते म्हणाले. उत्तेजनार्थ बक्षीस देताना शाळेतले पाहुणे जसे पाठीवर थोपटतात, तसा आवाज होता.

दवाखान्यातून निघून नगरच्या चितळे रोडला आलो. नेहमीच्या मावशी बसल्या होत्या.

"मावशी, मिरची द्या."

"कंची? लवंगी हाय, ज्वाला हाय, भज्याची पोपटी हाय."

"ढोबळी."

"मग भाजी द्या म्हना ना," मावशी म्हणाल्या आणि वळून पलीकडच्या ढिगाकडं गेल्या.

तिथं मला पहिल्यांदा नीट दिसलं. मावशींच्या गोणपाटावर मिरचीचं घर कोथिंबीर, आलं, लिंबू, कढीपत्ता यांच्या आळीत आहे. ढोबळी राहते दुसऱ्या टोकाला. फ्लॉवर, गवार आणि वांग्यांच्या शेजारी. नावापुरतं माहेर एक, पण येणं-जाणं नाही. शिवाय मिरची आपण रुपयांत मागतो, ढोबळी वजनात. "दहाची मिरची द्या" आणि "अर्धा किलो ढोबळी द्या." दहाची ढोबळी कुणी मागत नाही, आणि दोन माणसांच्या घरासाठी अर्धा किलो लवंगी मागितली तर मावशी आधी घरात सगळं ठीक आहे ना ते विचारतील. भाजी घेतल्यावर पिशवीत वरून टाकलेल्या दोन मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी यांवर आमच्या पिढीचा हक्क होता. वरून ढोबळी टाकणारा दानशूर भाजीवाला मात्र अजून जन्माला यायचा आहे.

घरी येऊन मी जाहीर केलं, की ढोबळीचा ठेचा करायचा. बायको म्हणाली, "तुम्हीच करा." पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ओळखायला शिकलोय. त्यात परवानगी असते, पण साक्षीदार व्हायची तयारी नसते.

कृती मला पाठ होती. लोखंडी तवा तापवला. तेलात लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि मूठभर शेंगदाणे टाकले. ते खरपूस झाल्यावर मिरच्यांच्या जागी ढोबळीच्या फोडी टाकल्या. इथं खरी मिरची असती, तर अर्ध्या मिनिटात घरभर ठसका उठला असता. बायकोनं पदर नाकाला लावून खिडकी उघडली असती आणि वरच्या मजल्यावरचे जोशी शिंकले असते. काहीच झालं नाही. तव्यावर नुसता चुर्र असा आवाज आणि पाठोपाठ पाणी. ढोबळीच्या शंभर भागांत नव्वदाहून जास्त भाग पाणीच असतं, आणि ते सगळं तिनं माझ्या तव्यावर काढलं. शेंगदाणे त्यात पोहायला लागले. मी आच वाढवली, पाणी आटवलं, मीठ घातलं आणि पेल्याच्या बुडानं रगडायला घेतलं. ढोबळीचं साल रगडत नाही. ते पेल्याखालून निसटतं आणि बाजूला जाऊन पुन्हा उलगडतं. दहा मिनिटांनी तव्यात हिरवट, पचपचीत, लसणाचा वास मारणारं काहीतरी तयार झालं.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. जन्म पाथर्डीकडचा. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी भाजी नाही, आणि भाजी नाही त्या दिवशी ठेचा, या हिशेबानं तिचं बालपण गेलेलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्या प्रकाराला टेकवला, तोंडात घातला आणि शांतपणे चावला.

"चटणी बरी झालीय," ती म्हणाली. "ठेचा कधी करतोस?"

माझा भाचा राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकतो. रविवारी आला तेव्हा मी त्याच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, ही ढोबळी मिरची आहे की मिरचीचं सोंग? तर तो म्हणाला, "मामा, दोघी अगदी सख्ख्या. शास्त्रात दोघींचं नाव एकच, कॅप्सिकम ॲन्युअम." फरक म्हणे एका जनुकाचा. मिरचीत कॅप्साइसिन नावाचं जे तिखट द्रव्य तयार होतं, ते तयार करणारा जनुक ढोबळीत बिघडलेला आहे. म्हणजे आपण इतकी वर्षं जिला मवाळ, समजूतदार म्हणत होतो, तिच्यात फक्त एक वायर तुटलेली आहे.

त्याहून गंमत पुढं. या दोघींचा संकर केला तर पुढच्या पिढीत तिखटपणाच उतरतो, कारण तिखटाचा जनुक वरचढ असतो. हे मला लगेच पटलं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सुना मवाळ घरातून आणल्या, निपज बघा. मात्र मिरचीच्या शेजारी लावली म्हणून ढोबळी त्याच हंगामात तिखट होते, असं बांधावर ठासून सांगितलं जातं ते खरं नाही. शेजारच्या परागाचा परिणाम बियांत उतरतो, फळात नाही. ते बी पुढच्या वर्षी पेरलं तर मात्र झाड शेजाऱ्यांवर गेलेलं दिसेल.

भाच्यानं माझी आणखी एक समजूत मोडली. मिरचीचा जाळ बियांत असतो म्हणून आम्ही आजन्म बिया झटकत आलो. जाळ असतो तो बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात. बिया नुसत्या त्याच्या संगतीनं बदनाम झाल्या. आणि तिखट ही चवच नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू या चवी; तिखट ही वेदना. तोंडात उष्णतेची खबर देणारी जी यंत्रणा असते, तिलाच कॅप्साइसिन जाऊन चिकटतं. तीच यंत्रणा साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की बोंब मारते. डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञानं हे १९९७ मध्ये दाखवून दिलं आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. म्हणजे जिभेच्या लेखी ठेचा खाणं आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता पाथर्डीच्या स्टँडवर एसटीची वाट बघणं, यांत काही फरक नाही. आपली भाषा हे आधीपासून जाणत होती. तोंड 'भाजलं' आणि जिभेचा 'जाळ झाला' असंच आपण म्हणतो. पक्ष्यांच्या बाबतीत हा जाळ होत नाही, म्हणून पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची पेरूसारखी खातो आणि वर आपल्याकडं बघून शीळ घालतो.

मग ठसका लागल्यावर पाणी पिऊन उपयोग का होत नाही, तेही कळलं. कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. दूध-दही त्याला धुऊन नेतं. ठेच्यावर कच्च्या तेलाची धार आणि बाजूला दह्याची वाटी ही आईची मांडणी नोबेलच्या कितीतरी आधीची. तिला मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यात बक्षीस कशाला?"

तिखट मोजायचा धंदा विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये सुरू केला. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळायचा, माणसांना चाखायला द्यायचा आणि तिखट लागायचं थांबेपर्यंत पाणी वाढवत न्यायचं. जितकं पाणी जास्त, तितके मार्क जास्त. ईशान्येकडची भूत जोलोकिया या परीक्षेत दहा लाखांच्या पुढं गेली आणि २००७ मध्ये गिनेस बुकात बसली. ढोबळीला शून्य. शून्याला काही अर्थ असतो हे जगाला शिकवणाऱ्या देशात तरी तिचा अपमान होऊ नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण मी तिचा ठेचा खाल्लाय.

चिडून मी इतिहासात शिरलो, तर तिथं वेगळाच ठसका लागला. मलिक अहमद निजामशहानं आपलं हे शहर वसवलं १४९० च्या दशकात. कोलंबस जहाज घेऊन निघाला १४९२ मध्ये. मिरची तो पोचला त्या बाजूची, अमेरिकेची. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये आणि त्यांच्या जहाजांतून ती इकडं आली. म्हणजे ज्या दिवशी नगरचा पाया घातला गेला, त्या दिवशी शहरात एकाही माणसानं मिरची पाहिलेली नव्हती. गवंडी, हमाल, शिपाई, सरदार, सगळे मिरे, सुंठ, पिंपळी आणि मोहरीवर जगत होते. हे शहर ठेच्यापेक्षा जुनं आहे! अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा पारावर नावाच्या इतिहासाची बरीच चर्चा झाली, पण ही गोष्ट कुणी काढली नाही. कोलंबसाला हवे होते मिरे, सापडल्या मिरच्या. त्यानं मिऱ्याचंच नाव तिला चिकटवलं. आपणही तेच केलं. मरीच म्हणजे मिरं, त्यावरून मिरची. आणि मग ढोबळी आली तेव्हा तिला भोपळ्याचं नाव देऊन भोपळी, डोंगरावरच्या गावाचं नाव देऊन सिमला, आणि हे काहीच नको असेल तर अंगकाठीवरून ढोबळी. तिला स्वतःचं असं नाव आपण दिलंच नाही.

माझा आत्तेभाऊ संगमनेर तालुक्यात राहतो. त्याचं वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे, आत रंगीत ढोबळी. सुट्टीच्या दिवशी तिथं गेलो. आत शिरायला दोन दरवाजे. एक लावल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, नाहीतर फुलकिडे आत येतात. पाय धुवून जायचं. प्रत्येक झाडाच्या निवडक फांद्या ठेवलेल्या, बाकी छाटलेल्या, आणि राखलेली प्रत्येक फांदी दोरीनं वरच्या तारेला बांधलेली. पहिलं फूल खुडायचं, म्हणजे झाडाला जोर येतो. ठिबकमधून मोजून पाणी, मोजून खत. ऊन जास्त झालं तर फळाला चट्टा पडतो, हवा दमट झाली तर पानावर भुरी, कोरडी झाली तर कोळी. आत्तेभाऊ ओळीतून चालताना आवाज खाली ठेवतो. स्वतःच्या पोरांशी तो कधी असा बोललेला मी ऐकलेला नाही.

मी विचारलं, "लाल आणि पिवळीचं बी महाग असतं म्हणून ती महाग का?"

"बी तर महाग हायच. पन हिरवी म्हंजी कच्ची. ती तोडली की मोकळं. रंग भरायचा तर अजून दोन-तीन आठवडे झाडावर ठेवावी लागती. तेवढे दिवस तिला सांभाळायचं, आपण जागं राहायचं."

म्हणजे शहरातले लोक कच्चं फळ भाजी म्हणून खातात आणि तेच पिकलं की दुप्पट पैसे देऊन सॅलड म्हणतात. हिरव्या ढोबळीला जो उग्र, गवतासारखा वास येतो तो कच्चेपणाचाच. त्या वासाचं द्रव्य इतकं जबर, की मोठ्या पोहण्याच्या तलावात एक थेंब टाकला तरी नाकाला कळावा. पिकताना तो वास ओसरतो आणि साखर वाढते. म्हणून लाल ढोबळी नुसती चावून खाल्ली तरी गोड लागते, आणि हिरवीला बेसनाचा पदर पांघरावा लागतो.

जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा, शेंगदाण्याचं कालवण आणि ठेचा. माझ्या पथ्याची कल्पना होती म्हणून वहिनींनी मला दही वाढलं.

"ढोबळीची भाजी नाही केली?" मी विचारलं.

सगळं घर हसलं. "ती विकायला," आत्तेभाऊ म्हणाला. "भाव पडला की खातो. मग आठ दिस तीच. पोरं रडत्यात."

"आणि ठेच्याची मिरची कुठली?"

त्यानं हातातल्या भाकरीनं शेडनेटच्या बाहेर, विहिरीच्या कडेकडं खूण केली. तिथं लवंगीची पाच-सहा झाडं होती. कुणी लावली ते आठवत नव्हतं. दोरी नाही, जाळी नाही, औषध नाही. बादली भरताना सांडलेल्या पाण्यावर जगणारी, आणि मिरच्यांनी लगडलेली.

हा जिल्हा तसाच आहे. क्षेत्रफळात राज्यात सगळ्यांत मोठा, चौदा तालुके. राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात इथल्याच प्रवरानगरला १९५० च्या सुमारास झाली. जगाला साखर पुरवायची आणि घरी येऊन ठेच्याशी भाकरी खायची, यात इथं कुणाला विसंगती वाटत नाही. ढोबळीचंही तेच झालं. गोड ते बाजाराला, तिखट ते घराला.

पण बाजारही परत येतो. पौष-माघात नगर-पुणे रस्त्यानं हुरड्याच्या पाट्या लागतात. पूर्वी हुरडा म्हणजे आगटी, गोवऱ्या, कोवळं कणीस, तळहातावर चोळलेले दाणे, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, ठेचा. यंदा ज्या ठिकाणी गेलो तिथं आगटीच्या शेजारी सळया लावल्या होत्या. सळईवर पनीर, कांदा, लाल ढोबळी, पिवळी ढोबळी, पुन्हा पनीर. पुण्याहून आलेली एक चिमुरडी आईला विचारत होती, "यातली मिरची तिखट आहे?" आई म्हणाली, "नाही गं, ही कॅप्सिकम आहे." शेजारी ठेच्याचं भांडं होतं. पोरीनं हिरवा रंग बघून तेही कॅप्सिकमच समजलं. पुढची पाच मिनिटं सगळ्या रानानं गूळ आणि दही घेऊन धावपळ केली. मी मात्र हेव्यानं बघत उभा होतो.

आणखी एक जागा आहे जिथं ढोबळीला कधीच प्रवेश मिळणार नाही. शनिवारी दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची लटकते. सात मिरच्या आणि एक लिंबू. तिथं सात ढोबळ्या लटकवून बघा. एक तर चौकट खाली येईल, आणि नाही आली तर पीडा आत येऊन विचारेल, भरून केलीय का पीठ पेरून? दृष्ट काढतानाही तेच. मीठ-मिरच्या ओवाळून आगीत टाकायच्या. ठसका आला नाही तर दृष्ट लागली होती असं समजायचं. ढोबळीनं दृष्ट काढली तर ठसका कधीच येणार नाही, म्हणजे सगळ्या गल्लीला बारा महिने दृष्ट. बोली भाषेनंही तिला घेतलं नाही. कुणाचं भलं झालं की आपल्याला मिरच्या झोंबतात. ढोबळी आजवर कुणाला झोंबलेली नाही.

तरी तिच्यावर अन्याय नको. माझी चूक एवढीच, की मी तिला मिरचीचं काम दिलं. मिरची तेलात पडली की स्वतः दिसेनाशी होते आणि अख्ख्या भाजीत उरते; ताटात तिला बाजूला काढली तरी ती गेलेली नसते. ढोबळी असते तेवढी दिसते, आणि बाजूला काढली की गेली. ती फोडणीला नाही, ती भाजीला. तिच्याशिवाय पावभाजी म्हणजे बटाट्याचं पिठलं. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं, आत थोडी कचकचीत राहील इतपतच परतायची. जास्त शिजवली की ती माझ्या तव्यावर रडली तशी रडते. आणि पौष्टिकपणात तर तिच्या घराण्याला हात लावायची सोय नाही. हंगेरीत सेगेड गावी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचा शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाच्या मागं होता आणि ते पुरेसं मिळत नव्हतं. एका संध्याकाळी बायकोनं त्याला तिकडची गोडसर ताजी मिरची, पाप्रिका, वाढली. त्याला ती नको होती. नको म्हणायचा धीर नव्हता, म्हणून ती घेऊन तो प्रयोगशाळेत गेला आणि मध्यरात्रीपर्यंत त्याला कळलं की हिच्यात क जीवनसत्त्वाचा खजिना आहे. हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. नावडती भाजी ताटातून सरकवायच्या हजार युक्त्या मी केल्यात. खिडकी, कुत्रा, धाकटा भाऊ. प्रयोगशाळा सुचली नाही.

व्हॉट्सॲपवर एक काका मात्र अधूनमधून पाठवत असतात, की तीन उंचवट्यांची ढोबळी नर आणि चार उंचवट्यांची मादी. नर शिजवायला, मादी कच्ची खायला. ढोबळीत असं काही नसतं. तिचं फूलच नर-मादी दोन्ही असतं, आणि उंचवटे वाणाप्रमाणं आणि हवेप्रमाणं पडतात. मी काकांना तसं कळवलं. त्यांनी उत्तरादाखल सुप्रभात पाठवलं.

दोन महिने गेल्या मंगळवारी संपले. डॉक्टरांनी सांगितलं, थोडं थोडं सुरू करा. संध्याकाळी बायकोनं ढोबळीला पीठ पेरलं. मोहरी-हिंगाची फोडणी, भाजलेलं डाळीचं पीठ, झाकण न ठेवता परतलेली, थोडी खरपूस धरलेली. उत्तम झाली होती. ताटाच्या डाव्या बाजूला आईनं बोटाच्या पेराएवढा ठेचा वाढला, त्यावर तेल, शेजारी दही. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, "आता जरा माणसासारखा दिसायला लागलास."

वाचकांना एकच विनंती. तुमच्याकडं ढोबळीच्या ठेच्याची खात्रीची, हमखास जमणारी कृती असेल, तर कृपा करून ती आमच्या घरी कळवू नका. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.